एका बोटाचं काम

मास्तरांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला आणि ऑर्गनच्या बाकावरची धूळ फुंकली. ती उडून त्यांच्याच डोळ्यांत गेली.

"बसलात का?" आतून आवाज आला.

"बसलो. आता काय, लेखी कळवू?"

आतून म्हणजे ऑर्गनच्या पोटातून. मागची फळी काढून कारागीर नळ्यांच्या गर्दीत शिरला होता. ऑर्गन सुरात लावणं हे एकट्याचं काम नव्हे. बाहेर कुणीतरी एक पट्टी दाबून धरायची, आत तिची नळी वाजत राहते, कारागीर ती हलकेच ठोकून सुरात आणतो आणि म्हणतो, "पुढे." छप्पन्न पट्ट्या, नळ्यांच्या पाच रांगा. दोन दिवस हेच.

तीस वर्षं पट्टी धरायला त्याची बायको येत असे. नवीन पट्टी धरली की म्हणायची, "धरलीय." बाकी दिवसभर तिचा शब्द नाही. मास्तर तिला तोंडावर 'एकबोटी' म्हणत आणि ती हसून सोडून देई. ती उठली की मास्तर रुमालाने बाक पुसत. तेव्हा ते नाकावर माशी बसू देत नसत. त्यांची दहा बोटं ऐकायला माणसं दुरून येत, आणि मास्तरांना वाटे, ती चर्चमध्ये देवासाठी नाही, आपल्यासाठीच येतात. फारसं चूकही नव्हतं ते.

मागच्या वर्षी एका सकाळी डावं अंग गेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आता आहे एवढंच, म्हणाले. तेव्हापासून मास्तर चर्चची पायरी चढले नव्हते. प्रार्थना म्हणून एकच वाक्य उरलं होतं : हात परत दे, नाहीतर कानही घेऊन जा.

कारागिराची बायको तीन महिन्यांपूर्वी गेली. रविवारपर्यंत ऑर्गन सुरात आला नाही तर कुलूप लावू आणि विजेवरचं बटणांचं वाद्य आणू, असं पाळकांनी सांगून टाकलं होतं. पट्टी कुणी कशी धरायची हे ठाऊक असलेलं दुसरं माणूस गावात नव्हतं. म्हणून कारागीर मास्तरांच्या दारात उभा राहिला होता. मास्तर नाही म्हणाले. तीनदा म्हणाले. शेवटी त्यांची बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "जा की रे दादा! तू उठलास म्हणून काही भिंत पडणार नाही."

आणि आता हे असं. मास्तरांनी पहिली पट्टी दाबली. सूर आला, कापरा, दोन माणसं एकाच वेळी वेगळं बोलत असावीत तसा. अकरा महिन्यांनी ऐकलेला सूर. बोटाला राहवेना. त्यांनी शेजारची सोडून तिसरी पट्टीही दाबली, मग पाचवी.

"मास्तर, एकच."

त्यांनी बोटं उचलली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "अजून उतरलेलाच आहे. चढव."

"बघतो मी."

"अरे उतरलेला आहे म्हणतो ना!"

"पट्टी अर्धवट दाबलीय तुम्ही. वारा पुरत नाही तिला. तळापर्यंत दाबा, म्हणजे मला खरा सूर कळेल."

मास्तरांचे कान तापले. चाळीस वर्षं वाजवलं आणि एक पट्टी धरता येईना. त्यांनी ती तळापर्यंत दाबली. बोट दुखू लागलं, पाठ दुखू लागली. दुपारपर्यंत दोन रांगाही झाल्या नव्हत्या.

"ती काय करायची रे इतका वेळ?" त्यांनी शेवटी विचारलं.

आतली हातोडी थांबली. "मी पण विचारलं होतं एकदा. म्हणाली, एकेका पट्टीला एकेक माणूस घेते. नळी वाजते तोवर त्याच्यासाठी देवाकडे मागते."

"कोणकोण?"

"कोण कोण! सगळा गाव. तुम्ही पण होतात."

"मी? कुठल्या पट्टीला?"

"ते नाही सांगितलं तिने. पुढे."

मास्तरांनी पुढची धरली. मग तिच्या पुढची. प्रत्येक वेळी वाटे, हीच असेल का? बाक पुसणाऱ्या माणसासाठी ती काय मागत असेल? त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला समोर कुणी नव्हतं. मग कधी कोण जाणे, ते आपलं नाव शोधायचं विसरले. एका पट्टीला बहीण आली. एकीला ती शिक्षिका, जी रविवारी त्यांच्या जागी वाजवणार होती आणि जिला त्यांनी अजून एकदाही बरं म्हटलं नव्हतं. एकीला आत वाकून बसलेला म्हातारा.

हात काही परत येणार नव्हता. ऑर्गनच्या भात्याचं कातडंही विरलं होतं, फार तर वर्षभर निघेल, असं कारागिरानेच सकाळी सांगितलं होतं. तरी तो एक सूर कापत कापत स्थिर झाला, आणि मास्तरांच्या छातीत काहीतरी सैल झालं. भरल्या चर्चमध्ये दहा बोटांनी वाजवतानाही असं कधी झालं नव्हतं. आनंदच होता तो. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणाचा तरी चुकून त्यांच्याकडे आला असावा.

"पुढे गं," आतून आवाज आला.

मास्तरांचं बोट पट्टीवरून उठलं. भात्याचा वारा तेवढा नळ्यांखाली फिरत राहिला. कारागीर आत हललाही नाही. एकदाच, कुणीतरी नाक ओढल्यासारखं झालं.

एरवी मास्तरांनी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्यांनी बोट पुढच्या पट्टीवर ठेवलं आणि तळापर्यंत दाबलं.

"धरलीय," ते हळू आवाजात म्हणाले.

नळी वाजत राहिली. बऱ्याच वेळाने आत हातोडी पुन्हा सुरू झाली.