गार भाकरी

शालूबाईंच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण नवऱ्यासमोर बसून पोटभर जेवणं काही त्यांच्या नशिबात आलं नव्हतं. हे ऐकून कुणाला वाटेल, नवरा तिरसट असेल, नाहीतर बाहेरख्याली. तसलं काही नव्हतं. आण्णा म्हणजे सोन्यासारखा माणूस, आणि तीच तर अडचण होती. गडमुडशिंगी गावात आण्णांच्या दारावरून कुणी न जेवता पुढं गेलं, तर आण्णांना झोप लागत नसे. ऊसतोडीचा मुकादम, दूध संस्थेचा सेक्रेटरी, म्हशीला सुई टोचायला आलेला डॉक्टर, एकदा तर पत्ता चुकून आलेला विमा एजंट. "पावणं, चार घास खाऊन जावा की," म्हणत आण्णा हाताला धरून बसवायचे आणि आत शालूबाई भाकरी थापायला घ्यायच्या. ताटात भाकरी पडायची ती तव्यावरनं उतरलेलीच, हा त्या घरचा कायदा. आणि करणारणीनं सगळ्यांच्या शेवटी, परात धुऊन, उरलेली गार भाकरी खायची, हा कायदा कुणी केला ते देव जाणे, पण तो पाळला शालूबाईंनी इमानानं. आण्णांनी जन्मात कधी गार भाकरीला हात लावला नव्हता.

लग्नात नवरा-नवरीला एका ताटात जेवायला बसवतात. तिथं तरी? तिथंही पहिला घास झाला, दुसरा हातात होता, तोवर गडहिंग्लजचे मामा जीपमधून उतरले. "आलोच बघ," म्हणून आण्णा उठले, ते पंगती संपेपर्यंत वाढपीच झाले. राहिलेलं ताट शालूबाईंनी एकटीनं संपवलं. राग आला नाही, नवी नवरी कसली रागावते? पण ध्यानात मात्र राहिलं.

त्यांचा मुलगा विश्वजित आणि सून मोना ऑस्ट्रेलियात, पर्थला असतात. म्हशी पुतण्याच्या, सम्राटच्या, गळ्यात घालून आण्णा आणि शालूबाई पहिल्यांदाच तिकडं गेले. विश्वजितच्या दारात एक कॅराव्हॅन उभी होती, म्हणजे गाडीच्या मागं जोडून ओढत न्यायची चाकावरची खोली. सुट्टीत नवरा-बायको ती घेऊन समुद्राकाठानं हिंडायचे. आई-वडलांना घेऊन जायचा बेत होता, पण ऐनवेळी विश्वजितची रजा बुडाली.

"मग आमी दोघं जातो की," आण्णा म्हणाले.

विश्वजितच्या तोंडचं पाणी पळालं. "आण्णा, मागं एवढं धूड ओढत न्यायचं असतंय."

"लेका, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या वडून बिद्रीच्या कारखान्यावर नेल्यात मी. हे तर रिकामं खोकं हाय." परवाना काढलेला होता, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालत होत्या, आणि आण्णांच्या तोंडाला लागून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं.

शालूबाईंनी आत डोकावून पाहिलं. पलंग, शेगडी, हात धुवायचं भांडं. आणि खिडकीशी एक बुटकं टेबल, त्याच्या अलीकडं एक बैठक, पलीकडं एक.

"दोघांचंच हाय गं?" त्यांनी मोनाला विचारलं.

"दोघांचंच, आई. तिसरं माणूस बसायचं म्हटलं तरी बसणार नाही."

शालूबाईंनी पदरानं ते टेबल पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. पण त्याच क्षणी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की या प्रवासात दुसरं काही बघायला मिळो न मिळो, इथं समोरासमोर बसून एकदा जेवायचं.

निघाले. डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला काहीच नाही. तांबडी माती, खुरटी झुडपं, ना गाव, ना विहीर. आण्णांचा जीव नुसता तुटत होता. "एवढी जमीन पडून हाय, आणि उसाचं एक कांडं न्हाय," असं ते दर तासाला एकदा म्हणत. तीन-तीन डबे ओढणारा एखादा अजस्र ट्रक समोरून आला की मात्र ते स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावत. त्या ओसाड रस्त्यावर समोरचा प्रत्येक ड्रायव्हर एक बोट उचलून रामराम करतो, अशी तिकडची रीत. पहिल्यांदा एकानं बोट उचललं तेव्हा आण्णांनी गाडी बाजूला घेऊन थांबवलीच.

"का वो?"

"हात केला की त्यानं. वळखीचं दिसतंय."

"हितं तुमच्या वळखीचं कोण असणार?"

"मग हुईल की वळख," म्हणून आण्णा आरशात बघत बसले. तो माणूस केव्हाच दिसेनासा झाला होता.

शालूबाई तेव्हा खूप हसल्या. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. गाव सोडलं म्हणून गावची खोड सुटत नसते.

पहिल्या मुक्कामाला पाच-सहा कॅराव्हॅन उभ्या होत्या. शालूबाईंनी घरून आणलेली तिखट चटणी घालून मटणाचा तांबडा रस्सा चढवला आणि भाकरी थापायला घेतली. थप थप आवाज ऐकून शेजारचा म्हातारा पान्हा घेऊन धावत आला. त्याला वाटलं, यांचं काहीतरी मोडलंय. केव्हिन त्याचं नाव, बायकोचं जून. नोकरीतून मोकळे होऊन दोघं वर्षभर हिंडत होते. आण्णांनी त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला आणि खुर्ची पुढं सरकवली. "कम, केव्हिनराव. सिट. इट." रश्श्याच्या पहिल्या घोटाला केव्हिनचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. त्यानं पाणी प्यायलं, डोळे पुसले, नाक पुसलं आणि वाटी पुन्हा पुढं केली.

"नाद खुळा!" आण्णा ओरडले. "शाले, वाढ की केव्हिनरावास्नी."

झालं. दुसऱ्या मुक्कामाला तीच पंगत, तिसऱ्याला तीच. वाट एकच असल्यामुळं केव्हिन आणि जून सगळीकडं भेटतच होते. शिवाय तिन्हीसांजेला आण्णा लग्नाची अक्षत द्यायला निघाल्यासारखे कॅराव्हॅन ते कॅराव्हॅन फिरून यायचे. जून चांगली बाई होती, सगळी भांडी घासू लागायची. लोक शालूबाईंचा हात हातात घेऊन कौतुक करायचे, आणि ते कौतुक त्यांना आवडत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. पण खिडकीशी असलेल्या त्या टेबलावर कांदे, वाट्या आणि पिठाचा डबा यांचीच वस्ती झाली होती. शालूबाई शेगडीशी उभ्या राहूनच चार घास उरकत होत्या. समुद्र ओलांडून आलं तरी ताट काही बदललं नाही.

मग एका सकाळी त्यांनी आण्णांच्या हातातला नकाशा ओढून घेतला आणि किनाऱ्यावर एका जागी बोट ठेवलं. तिथं मुक्काम करायला मुभा आहे एवढी एक खूण होती. ना दुकान, ना नळ, ना गावाचं नाव.

"हितं जायचं."

"तितं काय हाय?"

"काय न्हाय. म्हणूनच जायचं."

बायकोनं कधी नव्हे ते काही मागितलं, म्हणून आण्णांनी गाडी वळवली.

दुपारी पोचले. तांबड्या दरडीखाली पांढरी वाळू आणि पुढं निळं पाणी, दुसरं चिटपाखरू नाही. दोघांनी पाण्यात पाय सोडले. आण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. लांबवर एका देवमाशानं पाणी उडवलं तेव्हा आण्णा लहान पोरासारखे टाळ्या पिटत उभे राहिले. शालूबाईंना एवढं बरं वाटलं, की आपण इतकं सुखात आहोत याचीच त्यांना थोडी लाज वाटली.

"म्हशी काय करत असतील गं?"

"सम्राट हाय की. गप बसा."

दिवस कलायला लागला तशा त्या आत गेल्या. टेबलावरचं सगळं उचललं, पुसलं, दोन ताटं मांडली, एक अलीकडं, एक पलीकडं. रस्सा रटरटत होता. दोन भाकऱ्या टम्म फुगून उतरल्या होत्या. तेवढ्यात आण्णांनी दारातनं डोकं आत घातलं.

"अगं, पीठ जरा जास्त मळ. केव्हिनराव आणि जूनबाई यायलाईत. सकाळी निघताना मीच सांगितलं त्यास्नी, हितं जाणार म्हणून."

शालूबाईंनी शेगडी बंद केली. पाहुणा यायचा म्हटल्यावर बायकोनं चूल विझवल्याचं आण्णांनी कधी पाहिलं नव्हतं. ते घाबरले.

"काय झालं? बरं वाटंना काय?"

"मला जेवायचं हाय."

"मग जेव की. कोण नगं म्हणतंय?"

"तुमच्यासंगं जेवायचं हाय. ह्या टेबलावर. तुमी तिकडं, मी हिकडं, मधी कोण नगं." शालूबाई आता थांबणार नव्हत्या. "लगनातलं ताट आटवतंय का? दुसरा घास हातात, आणि तुमी उठलासा. ते अजून माघारी आला न्हाईसा."

आण्णा दारातच खाली बसले. टेबलावरच्या दोन ताटांकडं बघत म्हणाले, "मला वाटायचं, तुला हौस हाय. लोकं तुज्या हाताचं नाव काढत्यात..."

"हौस हाय की. न्हाय कवा म्हणलं? पर इतक्या वर्सांत एकानं बी 'शालूबाई, तुमी बसा' म्हणलं न्हाय. तुमी बी न्हाय."

एवढं बोलून त्या पाठमोऱ्या झाल्या. पहिल्यांदा भीती वाटली, मग एकदम हलकं वाटलं, वैरणीचा भारा डोक्यावरून खाली टाकल्यावर वाटतं तसं.

बाहेर हॉर्न वाजला. केव्हिनची गाडी धूळ उडवत येत होती. आण्णा उठले, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. शालूबाईंना वाटलं, गेलं की माणूस! बोलून फुकट. त्यांनी खिडकीतून पाहिलं. उसाचा ट्रॅक्टर अडवतात तसे दोन्ही हात वर करून आण्णा गाडीपुढं उभे होते.

"केव्हिनराव, सॉरी. टुडे नो. टुमारो फुल्ल मटण, प्रॉमिस. टुडे..." आण्णांनी कपाळ खाजवलं. "टुडे, माय मॅरेज लंच पेंडिंग."

केव्हिनला काडीचंही कळलं नाही. जूननं मात्र खिडकीतल्या शालूबाईंकडं पाहिलं, समोरासमोर मांडलेली दोन ताटं नसतील दिसली, पण तोंड दिसलं असणार. तिनं नवऱ्याची बाही ओढली आणि किनाऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाकडं बोट दाखवलं.

दारात आलेल्या पाहुण्याला आण्णांनी परत धाडलं होतं. गडमुडशिंगीत हे कुणाला सांगितलं असतं तर माणसं हसली असती. शालूबाई सुखावल्या, पण त्याच वेळी त्यांना राहवेनाही. त्यांनी स्टीलचा डबा उचलला, रश्श्यानं काठोकाठ भरला, त्या दोन गरम भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि दारातून हाक मारली.

"आवं, थांबवा त्यास्नी! उपाशी धाडू नगासा!"

आण्णा धावत आले, डबा घेऊन धावत गेले. गाडी पलीकडच्या टोकाला जाऊन एवढीशी झाली. आण्णा परत आले, हात धुतले आणि टेबलाच्या पलीकडं जाऊन बसले.

शालूबाईंनी पुन्हा शेगडी पेटवली. पहिली भाकरी उतरली ती सवयीनं आण्णांच्या ताटात गेली. आण्णांनी हात लावला नाही.

"खावा की. गार हुतीया."

"हू दे."

दुसरी झाली. तिसरी झाली. आण्णा हाताची घडी घालून बसून होते. पहिल्या भाकरीची वाफ गेली, पापुद्रा खाली बसला, तरी ते ताटाकडं बघेनात. बघत होते ते बायकोच्या हातांकडं. पीठ मळायचं कसं, भाकरी थापत फिरवायची कशी, पाण्याचा हात कधी फिरवायचा. इतक्या भाकऱ्या खाल्ल्या, पण होताना एकही नीट बघितली नव्हती.

शेवटची भाकरी उतरली. शालूबाईंचा हात परात धुवायला पाण्याकडं गेला.

"शालूबाई," आण्णा म्हणाले. लग्नापासून त्यांनी बायकोला असं आदरानं कधी बोलावलं नव्हतं. "तुमी बसा."

परात तशीच राहिली. शालूबाई बसल्या. पातेलं दोघांच्या मधे, हाताच्या अंतरावर. आण्णांनीच त्यांच्या वाटीत रस्सा ओतला, थोडा टेबलावरही सांडला. खिडकीबाहेर समुद्र तांबूस झाला होता, पण त्याच्याकडं दोघांनीही पाहिलं नाही. दोघं जेवत राहिले.

वरच्या रस्त्यानं एक गाडी गेली. हळू झाली, बहुतेक उजेड बघून. आण्णांचा घास हातातच थांबला. शालूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. तो दुसराच घास नसेल कदाचित, पण त्यांना तो लग्नातल्या ताटातला दुसरा घासच वाटला.

आण्णांनी घास तोंडात घातला. जागचे हलले नाहीत. गाडी निघून गेली.

"गार भाकरी लई चिवट असती गं," थोड्या वेळानं आण्णा चावता चावता म्हणाले. "तू एवढी वर्सं कशी खाल्लीस? मला तर येळ लागायला लागलाय."

"लागू दे की," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक गार भाकरी वाढली. "हितं कुठं म्हशी खोळंबल्यात?"