जेटमधलं कुंकू

सत्यशीलाबाई नवस बोलल्या, तेव्हा मी अजून गरम होतो. लातूरच्या दवाखान्यासमोर बॉनेटवर हात टेकून त्या म्हणाल्या होत्या, "रेणुकाआई, यांच्या काळजाचं ऑपरेशन निभावू दे. दोघं याच गाडीतून तुझी ओटी भरायला येऊ."

मी त्या जुन्या, पांढऱ्या गाडीचा कार्बोरेटर. हवा आणि पेट्रोल माझ्या पोटात एकत्र होतं, त्यावर इंजिन चालतं. बॉनेटखाली ऐकणारं माझ्याशिवाय कोण होतं?

मालक मृत्युंजयराव बरे होऊन रेणापूरला परतले. मग पेरणी, पाहुणे, लेकीचं बाळंतपण... रेणुकाआईचं माहूर राहून गेलं. नऊ वर्षं मी अंगणात ताडपत्रीखाली.

यंदा मालकांना पुन्हा दम लागायला लागला आणि बाईंना नवस आठवला. लातूरहून गुरुपादप्पा मिस्त्री आले. मला खोलून त्यांनी ताटात मांडलं. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट चांगला, सुई चांगली. पेट्रोल मोजून सोडणारा माझा जेट, केसाएवढ्या भोकाचा, त्यांनी फुंकला. आतून लाल निघालं.

"वैनी, टाकीत कुंकू सांडलं का वो?"

"न्हाई बा! मी लावते ते बॉनेटला, तेही बाहेरून."

धुतलं, बसवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. पुन्हा खोललं, पुन्हा कुंकू. टाकी धुतली, नळी नवी घातली. तिसऱ्यांदा निघालं ते ओलं होतं, नुकतंच कालवल्यासारखं. माझं झाकण बंद होतं. आत कुणी आलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगतो.

"मिस्त्री, गाडी दुरुस्त करून राहिलात का देव्हारा?" मालक हसले. हसता हसताच त्यांना दम लागला.

बाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "अहो, तिचं देणं राहिलंय आपल्याकडं. तुमचे पाय चालतात तोवर नेते तुम्हाला."

"मग उद्याच चल की. मी कवा नको म्हणलो?"

त्यानंतर जेट स्वच्छ निघाला. गुरुपादप्पांनी हवेचा स्क्रू पूर्ण आवळला, दीड आटा सोडला, कान लावला. इंजिन एका सुरात चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गुरुपादप्पांनीच चालवली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसत होता म्हणून नांदेडात पेट्रोल भरलं नाही. काटा अडकलेला होता. माहूरच्या चढाला माझी पेट्रोलची वाटी कोरडी पडली, फ्लोट तळाला टेकला. मी नुसती हवा ओढत होतो. इंजिन थांबायला हवं होतं. थांबलं नाही.

"आज लई हलकी चालून राहिली हो," मालक म्हणाले.

वर पोचल्यावर बाई ओटीचं ताट घेऊन, मालकांचा हात धरून देवळाकडे गेल्या. मागं गुरुपादप्पांनी टाकीत काडी घातली. कोरडीच निघाली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि आजतागायत कुणाला काही सांगितलं नाही.

मालकांना अजून दम लागतो. बाईंच्या जिवाला मात्र आता घोर नाही. सकाळी दोघं येऊन मला दहा मिनिटं चालू करतात. बंद केल्यावरही बॉनेटखाली कुणीतरी सावकाश श्वास घेत असतं. तो माझा नसतो. पण आता मला त्याची भीती वाटत नाही.

तुम्हीही कधी अडचणीत देवीला काही बोलला असाल. ती रागवत नाही, विसरतही नाही. ज्याच्यासाठी बोललात ते माणूस शेजारच्या सीटवर बसू शकतंय, तोवर त्याला घेऊन निघा.