तिनं अडवलेलं पाणी

नोम्साची आठवण आधी माझ्या कानांना येते. आमच्या अंगणातल्या नळाची चावी जुनी आहे. उघडताना ती बारीक किरकिरते आणि बंद करताना पुन्हा किरकिरते, किंचित खालच्या सुरात. नोम्सा हात धुवायला उभी राहिली की एक किरकिर, ओंजळभर पाणी, लगेच दुसरी किरकिर. मग साबण चोळण्याची शांतता आणि पुन्हा तेच सारं. आमच्या घरात एकदा उघडलेला नळ काम उरकेपर्यंत वाहत असे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यामुळे पहिल्या सकाळी स्वयंपाकघरातून ती पुनःपुन्हा होणारी किरकिर ऐकून मला वाटलं, चावीत काहीतरी बिघाड झालाय.

फाल्गुन सरत होता. भवानीनगरच्या कारखान्याचा हंगाम आटोपत आला होता, हवेत मळीचा आंबूस गोड वास दाटलेला होता आणि उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या रस्त्यावर पाचट सांडत जात होत्या. उन्हाला अजून धार आली नव्हती, पण सावल्या आखडू लागल्या होत्या. अशा दिवसांत ती आली. तिच्या विद्यापीठानं परदेशी अभ्यासाचा तीन आठवड्यांचा एक छोटा वर्ग आखला होता. माणसानं जमीन आणि पाणी कसं वापरावं म्हणजे ते पुढच्यांनाही पुरेल, एवढाच त्याचा विषय. विद्यार्थ्यांचा मुक्काम बारामतीत होता, पण मधले काही दिवस एकेकाला एकेका शेतकऱ्याच्या घरी राहायचं होतं. आमचं घर निवडलं गेलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. तात्यांनी वस्तीत सर्वांत आधी सगळ्या उसाला ठिबक केलं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी घरातच मिळाली, हा आणखी एक फायदा.

नोम्सा उंच होती, केसांच्या बारीक वेण्या पाठीवर सोडलेल्या, आणि चालताना ती पायांचा आवाज होऊ देत नसे. कुठलीही वस्तू समजून घ्यायची तर ती आधी तिच्यावर तळहात ठेवायची. भिंतीवर, गाईच्या पाठीवर, चुलीजवळच्या कोमट दगडावर, वाफ्यातल्या मातीवर. डोळे अर्धवट मिटून, जणू ताप बघावा तसा. ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या एका शहरातून आली होती. तिच्या लहानपणी त्या शहरात नळ कायमचे कोरडे पडायची वेळ आली होती, एवढं तिनं मला पहिल्या संध्याकाळी सांगितलं. आई तिला टबात उभं करून आंघोळ घालायची, त्याच पाण्यात कपडे भिजायचे आणि उरलेलं झाडाला जायचं. हे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पेल्यात उरलेलं घोटभर पाणी मात्र तिनं जाता जाता अंगणातल्या मोगऱ्याला घातलं.

तात्यांना ती फार आवडली. "पोरगी हाताची हाय," ते म्हणाले, म्हणजे हात लावून जाणणारी. त्यांच्या तोंडून कुणाची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

तात्यांविषयी इथं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांचं सारं आयुष्य पाटाच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून गेलं होतं. विहिरीवरची मोटार सुरू केली की पाइपाची धार पाटात पडायची, पाटातून ती एकेका सरीत सोडायची, सरी भरली की फावड्यानं तिचं तोंड मातीनं बुजवून पुढच्या सरीचं उघडायचं. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. तात्या दारं धरायचे ते कानांनी. सरी भरत आली की पाण्याचा आवाज जड होतो, तो त्यांना पाठमोरं असतानाही कळायचा. ठिबक त्यांनी बुद्धीनं स्वीकारलं होतं. विहीर दर उन्हाळ्यात खोल जात होती, कालव्याची पाळी कधी येईल याचा भरवसा नव्हता, हे त्यांना उमगत होतं. मन मात्र त्या काळ्या नळ्यांवर कधी बसलं नाही. "मुक्यावानी काम हाय," ते म्हणायचे. "पानी चाललंय का न्हाय, त्येचाबी पत्ता न्हाय."

त्या वर्षी विहीर नेहमीपेक्षा लवकर खाली गेली होती. लागणीचा कोवळा ऊस गुडघ्याएवढा झाला होता आणि कालव्याची पुढची पाळी अजून लांब होती. तोवर ऊस जगायचा तो विहिरीतल्या तेवढ्या पाण्यावर, थेंबाथेंबानं. आणि घरात प्यायलाही तीच विहीर होती. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तात्यांना तर सर्वांत जास्त माहीत होतं.

ज्या दिवशी बारामतीहून तिचे सगळे सोबती आमचं ठिबक बघायला येणार होते, त्या सकाळी दस्तगीरभाईही आले. बारामतीत त्यांचं ठिबकचं दुकान आहे. आमच्या रानात प्रत्येक नळी त्यांनी स्वतः अंथरली होती, आणि परदेशी पाहुण्यांना आपलं काम दाखवायचं म्हणून ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बांधावर येताच ते थबकले. नळ्या साऱ्या गुंडाळून बांधाच्या कडेला रचून ठेवल्या होत्या. मोटारीची धार पांढरीशुभ्र होऊन पाटात कोसळत होती, पाट काठोकाठ भरून वाहत होता आणि पाटाच्या तोंडाशी तात्या उभे होते, धुतलेलं धोतर वर खोचून, हातात फावडं घेऊन, लग्नघरातल्या यजमानासारखे.

"तात्या, नळ्या का वो काडल्या?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"पाव्हण्यास्नी थेंब दावू व्हय?" तात्या हसत म्हणाले. "येवड्या लांबनं आल्यात. ताक द्यायचं तर तांब्यानं द्यावं, का चमच्यानं?"

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला हसावं की रडावं कळेना. तरी खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला त्यात फार विपरीत वाटलं नाही. आमच्या भागात पाहुण्याला दाखवावी अशी एकच श्रीमंती आहे, आणि ती वाहताना दिसली पाहिजे.

पाहुणे आले. पाणी पाहून ते आधी गोंधळले, मग हरखले, कॅमेरे निघाले. ऊन पाण्यावर पडून पाटाच्या कडेकडेनं थरथरत होतं. तात्यांचा चेहरा मी इतका उजळलेला फार वर्षांत पाहिला नव्हता. नोम्सा मात्र मागं उभी होती. तिनं एकदा गुंडाळलेल्या नळ्यांकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे. आदल्याच दिवशी ती विहिरीत वाकून तळ बघून आली होती. मग कुणाला काही समजायच्या आत ती बुटांसकट पाटात उतरली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून पाटाचं तोंड बुजवू लागली.

परक्या माणसाला हे कसं समजावं? आमच्याकडे दुसऱ्याच्या रानात जाणारं पाणी अडवणं म्हणजे काय, ते इथं जन्मल्याशिवाय कळत नाही. पाट फोडल्यावरून, पाट बुजवल्यावरून सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दारं धरताना कुऱ्हाडी निघाल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. ते वैऱ्याचं काम. आणि इथं घरची पाहुणी, तात्यांच्या ताटाशेजारी जेवलेली मुलगी, तात्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं पाणी बंद करत होती. मी तात्यांच्या हातातल्या फावड्याकडे बघत राहिले, आणि मला कबूल केलं पाहिजे, मला भीती वाटली.

फावडं हललं नाही. तात्यांचं तोंड किंचित उघडं होतं. माझ्या लग्नानंतर मी त्या माणसाला संतापलेलं पाहिलं होतं, दुःखी पाहिलं होतं, पण असं हतबुद्ध झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

अडलेलं पाणी फुगत होतं, चिखल पुनःपुन्हा ढासळत होता. ती हात आडवे घालून त्याला थोपवत होती, कोपरापर्यंत माखली होती आणि रडत होती. रडता रडता तिनं मला काहीतरी विचारलं.

"काय म्हनती ती?" तात्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली.

"विचारतेय, एवढं पाणी कुणासाठी सोडलं."

तात्यांनी फावडं जमिनीला टेकवलं. "तिच्यासाठीच की," ते म्हणाले. "सांग तिला. दुसऱ्या कुनासाठी?"

मी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड भाषांतर होतं आणि त्यात एकही अवघड शब्द नव्हता. ऐकून तिचे हात थांबले. जिनं ओंजळीओंजळीनं पाणी जपलं, तिच्याच नावानं पहाटेपासून एक विहीर उपसली जात होती. हे तिच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिलं आणि मला नजर फिरवावी लागली. तेवढ्यात पाइपाची धार तुटक झाली, फुरफुरली. मोटार हवा ओढू लागली होती. तो आवाज तात्यांना कुणी सांगावा लागला नाही. ते विहिरीकडे गेले, मोटार बंद केली आणि कठड्यावर हात ठेवून बराच वेळ आत बघत राहिले. तळाशी गाळ दिसत होता.

दुपारी सगळे बारामतीला परतले. ती गेली नाही. संध्याकाळी उतरत्या उन्हात ती आणि तात्या बांधावर बसून नळ्यांची वेटोळी उलगडत होते. तात्या टोक धरायचे, ती सरीसरीनं चालत जायची. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती आणि त्या दिवशी मला कुणी बोलावलं नाही. शेवटची नळी अंथरून झाल्यावर तिनं तात्यांच्या पायांजवळ मातीवर तळहात ठेवला. तात्यांनी वाकून आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. "वल हाय अजून," ते स्वतःशीच म्हणाले. दस्तगीरभाई तोवर बांधावरच बसून होते. त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि घाम आल्याचं सांगितलं.

विहिरीला पाझर फुटला तो प्यायला जेमतेम पुरला. ऊस निम्म्याहून अधिक वाळला. कालव्याची पाळी आली तेव्हा खालच्या सऱ्यांत वाळलेल्या पातीची नुसती सळसळ होती. तात्यांनी तिला ते कळवू दिलं नाही. "तिला वाटंल, तिच्यापायी झालं," ते म्हणाले.

तिच्या हातांनी बुजवलेलं पाटाचं तोंड उन्हात वाळून घट्ट झालं. त्यात तिच्या दहाही बोटांचे ओरखडे होते. नांगरटीला ट्रॅक्टर आला तेव्हा तात्या स्वतः तिथं जाऊन उभे राहिले. "हितलं तेवढं सोड," ते चालकाला म्हणाले. त्यानंतर त्यांनी पाटाला पाणी सोडलं नाही. कधी कधी ते मुक्या नळ्यांमध्ये उकिडवे बसायचे आणि थेंबांनी झालेल्या ओल्या वर्तुळावर तळहात ठेवायचे.

गेल्या मार्गशीर्षात तात्या गेले. मी नोम्साला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, की माती अजून तशीच आहे का. मी हो म्हटलं. तेव्हा ती होतीही.

पावसाळ्यात त्या मातीवर पाचट झाकणारे तात्या यंदा नव्हते; बोटांच्या खुणा पावसात विरघळल्या. मातीचा तो उंचवटा आता बांधासारखाच दिसतो, त्यावर हराळी माजली आहे, नव्या माणसाला तिथं काही वेगळं दिसायचं नाही. पण आभाळ उघडलं की मी रानात जाते. जुन्या पाटानं उतरत आलेलं पावसाचं पाणी अजूनही तिथं येऊन थांबतं, क्षणभर वळसे घेतं आणि मग मुरतं. तिला मायदेशी परतून इतके दिवस झाले, तात्याही राहिले नाहीत. तरी त्या दोघांच्या मधोमध तेवढं पाणी दर पावसात पुन्हा उभं राहतं, आणि ते पूर्ण मुरेपर्यंत माझा पाय तिथून निघत नाही.