वाढदिवसाचा गोल

नीन्केने कप झटकन पुढे ओढला. आतली कॉफी मागे उसळून बशीत सांडली.

"बघा आत्या, कप निघाला, पण कॉफी म्हणते, मी नाही येत. बस सुटताना आपलंही असंच होतं."

"म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही?" आउक्ये आत्या हिरमुसल्या. "मी तर तक्रार केली त्याची."

सगळे हसले. सासऱ्यांचा, डौवेंचा, ऐंशीवा वाढदिवस होता. भिंतीला पाठ लावून खुर्च्यांचा गोल, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी. डच रिवाजाप्रमाणे आल्याआल्या सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं होतं, सून म्हणून नीन्केचंही. एकदा गोलात बसलं, की कुणीतरी गुडघ्यांवर थाप मारून 'चला तर' म्हणेपर्यंत सुटका नसते, आणि ती पहिली थाप सुनेने मारायची नसते.

नीन्के शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. त्यामुळे कुणाचं काहीही अडलं, की मोर्चा तिच्याकडे.

"वहिनी, वीस टक्के उतरवले, परत वीस टक्के चढवले, तर भाव मूळपदावर का येत नाही?" धाकट्या दिराने विचारलं.

"दुसरे वीस टक्के उरलेल्या तुकड्याचे ना, भावोजी. केक आधीच लहान झालाय."

"आणि तिकडे लांब समुद्रात दोन देश भांडतात, तर माझा गॅस का महाग?" आत्यांचं संपत नव्हतं.

"त्या समुद्राला दार एकच आहे आत्या, आणि दोघं दारातच भांडत उभे. मग आतल्यांनी बाहेर पडायचं कुठून?"

बोलताबोलता तिची नजर दाराकडे गेली. पर्समध्ये ग्रोनिंगनमधल्या भाड्याच्या खोलीची किल्ली होती. नवऱ्यापासून, येल्मरपासून, वेगळं व्हायचं शरद ऋतूतच ठरलं होतं. तो म्हणाला, नाताळ होऊ दे. मग म्हणाला, बाबांचा वाढदिवस होऊ दे, तोवर कुणाला कळायला नको. आज गाडीत म्हणाला, आत्याचं ऑपरेशन होऊ दे. येल्मर शेजारीच बसून सगळ्यांबरोबर हसत होता.

"पोरी," डौवे म्हणाले, "बसलेली वस्तू हलायला काय लागतं?"

"बाहेरून धक्का, बाबा. आपण होऊन नाही हलत ती."

त्यांनी बशीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला. मग दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली.

"चला तर."

"अरे, तुझाच वाढदिवस आणि तू कुठे निघालास?" आत्या ओरडल्या.

डौवे काठी टेकत खोलीबाहेरच्या कोटांच्या खुंट्यांकडे गेले. येल्मर उठू लागला, तोवर ते परतलेही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला खाली बसवलं. त्यांच्या हातात नीन्केचा करडा कोट होता. येल्मरचा आणला नव्हता.

"उजेड आहे तोवर नीघ. पाचची आगगाडी मिळेल. हा बसेल माझ्याजवळ."

त्यांनी कोट उघडून धरला. तिला बाही सापडेना.

"धक्का हळू दिला तर चालतो ना गं?" ते पुटपुटले.

"चालतो, बाबा," ती म्हणाली, आणि बाहीत हात घातला.