अकरा पीळ

मला यार्डात सगळे डावरे म्हणतात. ते माझं आडनाव नाही. मी डावखुरा आहे आणि तारेला पीळ उलट्या बाजूने देतो, एवढंच त्याचं कारण. एकतीस वर्षं मी मालगाडीच्या वाघिणींवर ओंडके बांधतोय. दहा वाघिणींमधली माझी कुठली हे ओळखायला कोणाला बांधणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी वाचावी लागत नाही, पीळ बघितला की कळतं.

आणि त्या पिळांवरूनच माझ्या तारांना कोणीतरी हात लावतंय हे मला कळलं.

आधी काम काय असतं ते सांगतो, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. सपाट, उघड्या वाघिणीवर ओंडके लांबीत रचतात. दोन्ही कडांना लोखंडी खुंट उभे असतात, ते ओंडक्यांना अडवून धरतात. पण नुसत्या खुंटांवर विसंबणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर साहेब. वळणावर भार बाहेर झुकतो आणि खुंट फाकतात. म्हणून समोरासमोरच्या दोन खुंटांना, ओंडक्यांच्या वरून, जाड तार दुहेरी घालायची. ती हाताने जोर लावून ओढून घ्यायची, टोकं अडकवायची आणि मग दोन पदरांच्या मध्ये लोखंडी कांब घालून फिरवायची. पीळ पडत जातो तसे खुंट आत खेचले जातात. मी अकरा पीळ देतो. दहा नाही आणि बारा नाही. कमी पडले तर तार ढिली, जास्त झाले तर ती आतून दमते आणि वाटेत कुठेतरी तुटते. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे घोटून घोटून शिकवलंय.

आता मुख्य गोष्ट. यार्डातून सुटलेली गाडी उताराने खाली जाते आणि पहिल्याच वळणावर रस्त्याचं फाटक आहे. त्या फाटकावर माझी मुलगी नोकरीला आहे. तिची केबिन वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रुळांपासून आठ पावलांवर. मी स्वतः मोजलीत. ओंडका सुटला तर तो बाहेरच्याच अंगाला सुटतो. ती तिथे लागल्यापासून मी एकही तार अकराऐवजी साडेदहा पिळांची सोडलेली नाही.

आणि मागच्या थंडीत एका दुपारी मी सहज माझ्या वाघिणीवरचे पीळ मोजले, तर तेरा भरले. पुढच्या तारेवर चौदा. कांब जिथे घासते तिथे तार ताजी चकाकत होती. इंजिन जोडलेलं होतं, पुन्हा बांधायला वेळ नव्हता.

मी मोजायला चुकलो असेन असं तुम्ही म्हणाल. माझी बायकोही तेच म्हणाली. ती म्हणते, तुम्हाला आरशात बघितलं तरी समोरचा माणूस आपल्यावर पाळत ठेवतोय असं वाटेल. बोलू दे. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेरा, पुन्हा चौदा, आणि सगळे माझ्यासारखेच उलट्या बाजूचे. म्हणजे कोणीतरी माझी सही गिरवत होतं. दोन-तीन जास्तीचे पीळ देऊन ठेवायचे, तार वाटेत तुटली की चौकशीत डावऱ्याचा पीळ सापडणार आणि डावरे घरी जाणार. पाणी कुठेतरी मुरत होतं हे उघड होतं. फक्त कुठे, ते शोधायचं होतं.

सगळ्यांत आधी मी क्रेनवाल्यावर संशय घेतला, कारण तो मला बघून फार हसतो. मग तपासनिसावर. पण त्या बिचाऱ्याला वाघिणीवर चढायचाच कंटाळा. प्रत्येक तारेवर हातोडी मारून आवाज ऐकणं हे त्याचं काम. घट्ट तार खणकन वाजते, ढिली नुसती थप करते. इतरांच्या वाघिणींवर तो हातोडी मारतो. माझ्या वाघिणीपाशी आला की लांबूनच हात वर करतो आणि चिठ्ठीवर सही ठोकतो. डावऱ्यांची तार काय वाजवायची, म्हणतो. स्वतःची तार स्वतः वाजवायची आमच्यात पद्धतच नाही. तसं करणारा माणूस आपल्या हातावरच शंका घेतो असं धरतात. त्यामुळे माझ्या तारा कित्येक वर्षांत कोणी वाजवल्या नव्हत्या, आणि याचा मला अभिमान होता.

उरला माझा साडू.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याच शब्दावर यार्डात लागला आणि माझ्याच हाताखाली तार ओढायला शिकला. आता वाढत वाढत माझ्या बरोबरीला आलाय. पुढच्या वर्षी मुकादमाची जागा रिकामी होतेय आणि तिथे एकतर मी बसणार, नाहीतर तो. माणूस तोंडाने गोड. मला दादा म्हणतो, कधी आवाज चढवत नाही. अशा माणसांचं मला पहिल्यापासून वावडं आहे. ओरडणारा माणूस काय करणार ते आधी सांगून टाकतो, गप्प माणसाचं आपल्याला शोधावं लागतं.

त्यात तो हल्ली माझ्याकडे बघायचा. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी कांब फिरवायला लागलो की हा आपलं काम सोडून बघत उभा. एकदा चहा पिताना माझ्या हातून कप सटकला, तर मी वाकायच्या आत ह्याने तुकडे गोळा केले आणि विचारलं, दादा, हात दुखतो का. मी म्हटलं, कप गुळगुळीत होता. होताच. हल्ली वस्तू करणाऱ्यांना अक्कलच राहिलेली नाही. घरी डब्याची झाकणं अशी बसवलेली असतात की बायकोला बोलवावं लागतं. ती एका झटक्यात उघडते, कारण मी आधी ती सैल करून दिलेली असतात.

शेवटी मी पाळत ठेवली. जेवणाच्या सुट्टीत सगळे शेडमध्ये जातात. मी डबा घेऊन वजनकाट्याच्या खोलीत जाऊन बसलो. तिथल्या खिडकीतून माझ्या तिन्ही वाघिणी दिसतात. पहिल्या दिवशी एक कुत्रं आलं. दुसऱ्या दिवशी साडू आला. हातात कांब. इकडे तिकडे बघितलं, माझ्या पहिल्या वाघिणीवर चढला आणि तारेत कांब घातली. हा माणूस उजव्या हाताने जेवतो, उजव्या हाताने लिहितो, आणि तिथे डाव्या हाताने, वाकडातिकडा होत, माझ्यासारखा उलटा पीळ देत होता. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं. राग तर आलाच, पण त्याच्या आधी डोळ्यांपुढे ती आठ पावलं आली. माझी मुलगी त्याला काका म्हणते. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसायची.

मी त्याला तिथे हटकलं नाही. तडक यार्डमास्तरांकडे गेलो आणि बघितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी साडूला बोलावलं आणि माझ्यासमोरच विचारलं, दुसऱ्याने बांधलेल्या वाघिणीवर काय करत होतास? त्याने एकदा माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, चूक झाली, साहेब. का केलंस म्हणून तीनदा विचारलं, तरी तेवढंच. यार्डमास्तरांनी चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून बाजूला केलं आणि गेटवरच्या पहारेकऱ्याजवळ बसायला सांगितलं. खाई त्याला खवखवे, मी मनात म्हणालो. निरपराध माणूस असा गप्प बसतो का?

त्या रात्री बायकोने ताट वाढलं आणि बहिणीशी फोनवर बोलायला आत निघून गेली. मला चांगली झोप लागली, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी तीन वाघिणी बांधल्या. बारा तारा, प्रत्येकीला अकरा पीळ, मोठ्याने मोजून. जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये सगळ्यांत बसून निवांत जेवलो. परत येऊन मोजले तर अकराच्या अकरा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तारा जशा बांधल्या तशा होत्या. तपासनिसाने लांबून हात वर केला आणि सही केली. इंजिन जोडायला आलं.

मी पाणी प्यायला गेटपाशी गेलो. साडू स्टुलावर बसला होता. मला बघून उठला.

"दादा," तो म्हणाला, "मला काय बोलायचं ते बोला. पण आज गाडी सोडायच्या आधी तुमच्या तारांवर एकदा हातोडी मारून बघा."

माझं डोकंच फिरलं. माझ्या तारा मला वाजवायला सांगतोय, तेही पहारेकऱ्यासमोर. मी त्याला म्हटलं, अजून काय करून ठेवलंयस ते सांग. तो परत स्टुलावर बसला.

मी परत निघालो, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. हा इथे बसून आहे, पण याचे हस्तक नसतील कशावरून? सकाळपासून कोणीतरी पहिल्या वाघिणीपाशी घुटमळत होतं का? हे सांगायला मला लाज वाटते, पण त्या दिवशी मी हातोडी उचलली ती शहाणपणाने नाही, संशयाने उचलली. कोणी बघत नाही ना हे बघून मी वाघिणीवर चढलो आणि पहिल्या तारेवर हातोडी मारली.

थप.

दुसरी. थप. तिसरीही तशीच. मी तारेखाली बोटं घातली तर चार बोटं आरामात आत गेली.

सोडली, मला वाटलं, कोणीतरी माझी तार सोडली. मी खाली वाकून पीळ मोजले. अकरा होते. अडकवलेलं टोक मी दाबलं होतं तसंच होतं, त्यावर माझ्या कांबेची सकाळची खूण होती. दुसऱ्या तारेवर अकरा, तिसऱ्या तारेवर अकरा, सगळे उलट्या बाजूचे, सगळे माझे. कोणीही हात लावला नव्हता.

एकतीस वर्षं मी पीळ मोजत आलो. पण पिळाच्या आधी तार हाताने ओढून घ्यावी लागते, आणि ती ओढ किती बसली हे मोजायची सोय नाही, ते हातालाच कळतं. तारच सैल असेल तर अकरा पीळ नुसते दिसायला. मी कांब घातली आणि बारावा पीळ द्यायला गेलो. मनगटात कळ गेली, मूठ उघडली आणि कांब ओंडक्यांवरून खडखडत खाली रुळांवर पडली. कप गुळगुळीत नव्हता. झाकणंही मी सैल करून देत नव्हतो.

इंजिनाने शिटी दिली.

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. सांधेवाल्याच्या हातातली लाल झेंडी मी हिसकावली आणि इंजिनापुढे रुळांवर जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं. यार्डमास्तर धावत आले. क्रेनवाला आला, तपासनीस आला. न वाजवता ठोकलेली सही त्याला आठवली असावी, येतानाच त्याचा चेहरा उतरला होता.

"माझ्या तारा ढिल्या आहेत," मी म्हणालो. "कोणी काही केलेलं नाही. माझे हात गेलेत."

हे वाक्य बोलायला किती जड गेलं ते सांगून उपयोग नाही. यार्डमास्तरांना आधी ते पटलंच नाही. मग तपासनिसाने वर चढून बाराही तारांवर हातोडी मारली आणि मी खाली उभा राहून बारा वेळा ती थप ऐकली.

गेटवरून साडूला मीच जाऊन घेऊन आलो. वाटेत विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, गेल्या थंडीपासून, तुमच्या वाघिणीवर सहज चढलो तर तार नुसत्या हाताने हलली. मला का नाही सांगितलंस, मी म्हटलं. त्यावर तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, तुम्ही ऐकलं असतंत? उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. काल साहेबांसमोर बोलला असता तर माझी नोकरी गेली असती आणि त्याची राहिली असती. तोंडाने गोड माणसांबद्दल मी जे मत बाळगून होतो, ते मला फार महागात पडलं असतं. मला नाही, त्या आठ पावलांवरच्या केबिनला.

तो वाघिणीवर चढला. मी खालून कांब वर दिली. त्याने टोकं सोडली, तार दोन्ही हातांनी ओढून घेतली, ओंडके कुरकुरले. मग कांब घालून तो थांबला आणि वाकून हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"दादा, पीळ कुठल्या बाजूने देऊ?"

सगळे बघत होते. यार्डमास्तर चिठ्ठी आणि पेन घेऊन उभे होते.

"तुझ्या," मी म्हणालो.

त्याने उजव्या हाताने कांब फिरवली. मी पीळ मोजले नाहीत. बारा तारा झाल्यावर तपासनिसाने प्रत्येकीवर हातोडी मारली आणि प्रत्येक तार खणकन वाजली. चिठ्ठीवर माझ्याऐवजी साडूचा नंबर पडला. गाडी सुटून उताराला लागली तेव्हा मी मुलीला फोन लावला आणि केबिनच्या बाहेर जाऊन लांब उभी राहा म्हणून सांगितलं. का म्हणून तिने विचारलं. तारा पक्क्या आहेत, काकांनी बांधल्यात, मी म्हटलं, पण तरी जरा लांब राहा.

गाडी गेली, बाबा, असं ती म्हणेपर्यंत मी फोन कानाला धरून उभा होतो. दोन्ही हातांनी धरला होता.