मांजरपाटावरचे गाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे; पण भिंतीवर टांगतात तसला छापील, गुळगुळीत नव्हे. मी मांजरपाटाच्या जाड सुती कापडाचा आहे, सुईदोऱ्याने शिवलेला. माझ्यावर एका लहानशा गावाचे रस्ते आहेत, ओढा आहे, टेकडी आहे आणि एका कोपऱ्यात उंदराने पाडलेले भोक आहे. ते तळे नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म टेलरमावशींच्या दुकानात झाला. खरे तर मी पडदा होणार होतो. शाळेत नव्याने बदलून आलेल्या बाई मावशींच्या माडीवर भाड्याने राहत होत्या. त्यांच्या खिडकीसाठी मला आणले होते. मावशी कात्री लावणार, तेवढ्यात बाई धापा टाकत आत आल्या. चपलेचा अंगठा तुटलेला, कपडे कुसळांनी भरलेले.

"पुन्हा चुकलात?" मावशींनी विचारले.

"तिसऱ्यांदा! ज्याला विचारावं तो म्हणतो, नाकासमोर चालत जा. आता माझं नाक वाकडं आहे का, मावशी?"

मावशी हसल्या, पण बाई हसल्या नाहीत. शाळेत मुले होती फक्त सतरा. दोन महिन्यांत वीस झाली नाहीत तर शाळा बंद, असे वरून पत्र आले होते. मग मुलांना पंधरा किलोमीटर दूर जावे लागणार, म्हणजे निम्म्यांची शाळा सुटणार. गावात तर शाळेच्या वयाचे एकही मूल घरी उरले नव्हते.

"आसपास कोण कोण राहतं, हे तरी कुणाला ठाऊक आहे का?" बाई म्हणाल्या. "टेकडीच्या पलीकडे काय आहे?"

मावशींनी कात्री खाली ठेवली. "गावातल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे, बाई. गावाचं माप मात्र कधी घेतलं नाही. राहू द्या तुमचा पडदा."

दर रविवारी आम्ही निघू लागलो. मावशी मला गुंडाळून काखेत मारत. बाई पावले मोजत आणि झाडाखाली बसून पेन्सिलने रेघा ओढत. मग मावशी त्यावर टाके घालत. रस्ते धावदोऱ्याचे, ओढा निळ्या साखळी टाक्याचा, विहिरी गाठीच्या टाक्याच्या. गिरणी झाली, पाण्याची टाकी झाली, गावाबाहेरची रोपवाटिका झाली. रोपवाटिकेच्या माळ्याची मुलगी दिवसभर पिशव्यांत माती भरत बसायची. बाईंनी माळ्याशी तासभर डोके लावले आणि अठरावे नाव मिळाले. लोक चेष्टा करत, "मावशी, ओढ्याला शिलाई किती घेणार?" मावशी म्हणत, "लांबी कळू दे, मग सांगते."

सहाव्या रविवारी आम्ही टेकडी चढलो. माथ्यावर पोचताच पलीकडून घणांचे आवाज आले. खाली दगडाची खाण होती आणि तिच्या कडेला पत्र्याची सात घरे. गावापासून इतक्या जवळ, पण गावाला पत्ताच नाही! एक ताई खडी फोडत होती. तिच्या दोन मुली आणि शेजारचा एक मुलगा दगडांचे घर घर खेळत होते.

"शाळेत पाठवाल का यांना, ताई?" बाईंनी विचारले.

"पाठवू की. पण मधे ओढा आहे. पाणी चढलं की आठ-आठ दिवस उतरत नाही. गेल्या वर्षी माझा भाचा वाहता वाहता वाचला. शाळेसाठी लेकरू घालवू का?"

बाईंचा चेहरा उतरला. पत्रातली मुदत संपायला दहाच दिवस होते. मावशींनी मला एका सपाट दगडावर पसरले आणि माझ्या टाक्यांवरून बोट फिरवले.

"ताई, घरामागचा हा कोरडा चर कसला?" मावशींनी विचारले.

"जुना पाट आहे. पाणी कधीचं बंद झालं."

"बाई, गिरणीमागे आपण एक कोरडा पाट शिवला होता ना? तो टेकडीपाशी येऊन थांबला. बघा, ही दोन्ही टोकं एकमेकांकडे बघतायत!"

मधली जागा पांढरी होती. त्या तिघी तशाच उठल्या आणि पाटातून चालू लागल्या. करवंदीच्या जाळ्या बाजूला करत, टेकडीला वळसा घालत पाट ओढ्याशी आला. तिथे त्याच्यासाठी बांधलेला दगडी पूल होता, वेलींनी पार झाकलेला. बाई त्यावर आधी काठी आपटून, मग सावकाश चालून पलीकडे गेल्या. थोड्या वेळाने गिरणीचा पट्टा फटफटताना ऐकू आला.

"सापडली! मावशी, वाट सापडली!" बाई ओरडल्या, आणि वेलींच्या पसाऱ्यात बसून चक्क रडल्या.

मावशींनी ती वाट लाल दोऱ्याने शिवली. खडी फोडणारी ताई बोटाने टाके चाचपत म्हणाली, "आमची घरं नाही काढणार यात?" आणि तिने आपल्या जुन्या ओढणीचा एक दोरा ओढून मावशींच्या हातात दिला. त्या पिवळ्या दोऱ्याची सात घरे अजून माझ्यावर आहेत. पुढच्या आठवड्यात ती तिन्ही मुले शाळेत आली. शाळा वाचली.

मग माझे दिवस आले. मी वर्गात लागलो. पाहुणे मला बघायला येत, मुले माझ्यावर बोट ठेवून वाटा पाठ करत. पण पुढे बाईंची बदली झाली, मावशींची नजर मंदावली. वर्गात छापील नकाशे आले. माझी घडी झाली आणि मी कपाटात, मोडक्या पृथ्वीगोलाशेजारी पडलो. उंदीर आला तो तेव्हाच. मित्रांनो, मी रागावलो नाही. पण अंधारात फार एकटे वाटते.

यंदा नवे गुरुजी आले. फळा पुसायला फडके शोधताना त्यांच्या हाती मी लागलो. त्यांनी मला वर्गात अंथरले आणि म्हणाले, "यात चुका शोधा पाहू." मुले माझ्यावर अक्षरशः रांगली. गिरणी बंद आहे, खाणीत पाणी साचलंय, इथे डांबरी रस्ता झालाय! अकरा चुका निघाल्या. स्वतःच्या चुका ऐकून इतका आनंद कुणाला झाला नसेल.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जुनी वस्तू आहे. काचेत लावू या."

"काचेत लावली तर टाके कसे घालायचे?" गुरुजींनी विचारले.

मित्रांनो, कापड वापरून विरते, पण घडीत पडून राहिले तर त्याहून लवकर विरते. माझा ओढा नेमका घडीवर तुटला आहे. म्हणून विनंती करतो, तुमच्या कपाटात माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला बाहेर काढा, उलगडा, झटका, हाताळा. आणि घरामागची वाट कुठे जाते हे ठाऊक नसेल, तर मोठ्यांना सोबत घेऊन एकदा जाऊन या.

काल आम्ही पूर्वेकडे गेलो होतो. तिकडे मी कोराच होतो. एका मुलीने जीभ दातांत धरून सुईत दोरा ओवला आणि तिथली पहिली वाट शिवली. टाका जरा वाकडा पडला आहे. पण काय सांगू, वाटही तिथे वाकडीच आहे.