प्रिंटरची गादी

निलोफरचा प्रिंटर बुधवारी सकाळी संपावर गेला. दोन लाल दिवे आळीपाळीनं लुकलुकायला लागले आणि लॅपटॉपवर सूचना आली, की आतल्या शाईच्या पॅडचं आयुष्य संपलं आहे. सुनेनं ते वाचून दाखवलं तेव्हा सलाउद्दीनचाचांना मनापासून राग आला. कुणाचं आयुष्य संपलं हे ठरवणारा हा डबा कोण लागून गेला? गेली दोन वर्षं घरात त्यांच्याबद्दलही साधारण असंच बोललं जात होतं.

नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं. एका भिंतीला चाचांचं कापूस पिंजायचं, समोरच्या भिंतीला निलोफरचा प्रिंटर, त्यावर ती लोकांना कागद छापून द्यायची. चाळीस वर्षं चाचांनी निम्म्या नाशिकला गादीवर झोपवलं. मग फोमच्या गाद्या आल्या आणि गादी पिंजून घ्यायची असते हेच लोक विसरले. तरी चाचा रोज सकाळी अर्धा तास मशीन फिरवायचे. रिकामंच. गंज चढू नये म्हणून, असं ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे तो आवाज आत चहा पिणाऱ्या फराजच्या कानावर जावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

फराज त्यांचा मुलगा. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला होता. पुढची खोली मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं द्यावी, हे त्याच्या डोक्यात कधीचं घोळत होतं. बायकोचं आणि बापाचं काम चालू आहे, एवढ्यावरच गाडं अडलं होतं. प्रिंटर बंद पडल्याचं कळल्यावर त्याला भलताच उत्साह आला. शुक्रवारी दुपारी नमाजनंतर यादव भंगारवाल्याला बोलावतो, म्हणाला. तोवर प्रिंटर चालू झाला तर ठीक. नाहीतर प्रिंटर जाईल आणि सोबत अब्बांचं मशीनही जाईल, पुन्हा हातगाडी बोलवायला नको.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, पॅड बदलायला आठवडा लागेल. निलोफरचा चेहरा एवढासा झाला. चाचांनी विचारलं, हे पॅड म्हणजे असतं तरी काय? तिनं सांगितलं, वाया जाणारी शाई शोषून घ्यायला आत नमद्याच्या, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीसारख्या, जाड पट्ट्या असतात, त्या पार भिजल्या.

"म्हणजे गादी ओली झाली," चाचा म्हणाले. "मग दुरुस्तीवाला कशाला पाहिजे? ओल्या गादीचं मला विचार ना."

निलोफरनं मोबाइलवर व्हिडिओ लावला, चाचांनी मागचे दोन स्क्रू काढले आणि एक छोटा डबा बाहेर ओढला. आतल्या पट्ट्या शाईनं जड झाल्या होत्या. चाचांना आनंदच झाला. उसवलेली गादी बघून घर सांगायची त्यांची ख्याती होती. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोण अंथरुणात बसून शेंगदाणे खातं, सगळं ते सांगायचे. एकदा कळवणला एका बाईला त्यांनी सहज सांगितलं, की या गादीची एक बाजू वर्षभर वापरलेलीच नाही. त्या घरात पुढे चार दिवस चूल पेटली नव्हती म्हणतात. ही गादी बघून मात्र त्यांना सुनेचा अभिमान वाटला. पोरीनं किती छापलं असेल!

पट्ट्या त्यांनी मोरीत धुतल्या. गल्लीच्या गटारातून आधी निळं, मग जांभळं पाणी वाहिलं आणि शेजारच्या लताबाईंनी खिडकीतून दोनदा विचारलं, की हे काय चाललंय. मग गच्चीवर दोन दिवस ऊन. विचार करताना दाढीवरून हात फिरवायची चाचांना सवय. त्यामुळे शुक्रवारी ते मशिदीत जायला निघाले तेव्हा पांढरी दाढी निम्मी निळी होती. निघण्याआधी कोरडी गादी त्यांनी आत बसवली होती, तरी दिवे लुकलुकतच होते. निलोफरनं कारण शोधून काढलं. गादी ओली आहे की कोरडी, हे प्रिंटर बघतच नाही. शाई किती वेळा सोडली तेवढं मोजतो आणि आकडा भरला की आयुष्य संपलं म्हणतो.

"न बघताच?" चाचा म्हणाले. त्यांना हे फार लागलं.

ते नमाजहून परत आले तेव्हा तिनं लॅपटॉपवरून तो आकडा पुसला होता. प्रिंटर गुरगुरला. पहिलं पान आलं त्यावर पांढऱ्या रेघाच रेघा. निलोफर म्हणाली, साफ करावं लागेल, आणि तिनं बटण दाबलं. डबा अजून उघडाच होता. शाईची धार सरळ धुतलेल्या कोरड्या गादीत उतरताना चाचांनी पाहिली. कागदावर एक अक्षर उमटलं नव्हतं.

"असं साफ कधी करावं लागतं?"

"पडून राहिला की," निलोफर म्हणाली. "दोन-चार दिवस काही छापलं नाही तर शाई वाळते. मग रोज करायचं, म्हणजे तो चालू राहतो."

चाचांची नजर टेबलाखाली गेली. ईदच्या आधी आणलेला कागदाचा गठ्ठा तिथं होता, वरची पट्टीसुद्धा न फाडलेला. त्यांना सगळं समजलं. कोपऱ्यावर दोन झेरॉक्सवाले आल्यापासून पोरीकडं काम नव्हतंच. रोज उठून ती रिकामं मशीन जिवंत ठेवत होती. हे दुःख त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात फराज यादवला घेऊन आला. दुसरं पान स्वच्छ, सगळे रंग भरून बाहेर पडलं होतं. फराजनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, मुळात एवढं पॅड भरलंच कसं? निलोफर खाली बघायला लागली.

"काम फार झालं पोरीला," चाचा म्हणाले. "एवढी छपाई केल्यावर गादी भिजणारच." मशिदीतून येऊन त्यांना दहा मिनिटंही झाली नव्हती.

फराज जरा वरमला. बरं, मग प्रिंटर राहू दे, म्हणाला. पण यादव रिकाम्या हातानं कसा जाणार? अब्बांचं मशीन तरी देऊन टाकू. यादवनं मशिनाला हात लावून वजनाचा अंदाजही घेतला. स्वतःसाठी खोटं बोलायला चाचांची जीभ वळेना.

"त्याला हात नका लावू, यादवभाऊ," निलोफर म्हणाली. "अब्बांकडं अजून काम येतं. फराज, तू रोज सकाळी ऐकतोस ना?"

फराज म्हणाला, हो, ऐकतो तर. मग त्यानं यादवला चहा पाजला, गच्चीवरचा गंजका कूलर दिला आणि वाटेला लावलं.

दोघंच उरल्यावर चाचांनी हळूच विचारलं, "तुला कधीपासून माहितीये?"

"अब्बा, ही खोली रोज मीच झाडते," निलोफर म्हणाली. "दोन वर्षं झाली, केरात कापूस दिसला नाही."